झिजणाऱ्या लोखंडावर वेल्डिंगचे कवच

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी जो विषय घेतला आहे तो शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून फारसा ऐकू येत नाही. डॉक्टर कसे व्हावे, इंजिनीयर कसे व्हावे, सरकारी नोकरीच्या परीक्षा कशा द्याव्यात, यावर तुम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली असतील. मी बोलणार आहे वेल्डिंगबद्दल, आणि त्यातही वेल्डिंगच्या एका खास शाखेबद्दल. कारखान्यात तिला 'हार्डफेसिंग' म्हणतात. लोखंडाचे दोन तुकडे जोडण्याशी या शाखेचा संबंध नाही. यंत्राचा जो भाग सतत झिजतो त्यावर वेल्डिंगने कठीण धातूचा थर चढवायचा आणि त्याचे आयुष्य वाढवायचे, एवढेच तिचे काम.

हा विषय का घेतला ते स्पष्ट सांगतो. आपल्या समाजातील पुष्कळ मुले आठवी-नववीत शाळा सोडतात आणि गॅरेजमध्ये किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला लागतात. वडील म्हणतात, "पोराचे अभ्यासात लक्ष नाही, निदान हुन्नर तरी शिकेल." या बोलण्यात अभ्यास एका बाजूला आणि हुन्नर दुसऱ्या बाजूला अशी वाटणी गृहीत धरलेली आहे. माझे भांडण त्या वाटणीशी आहे. हार्डफेसिंग हे असे काम आहे की ज्यात हात कितीही सफाईदार असला तरी डोके कोरे असेल तर घाटा होतो, आणि कधीकधी अपघातही होतो. तो कसा, हे आज तुम्हाला दाखवायचे आहे.

कुरआन शरीफमधील एका सूऱ्याचे नाव 'अल्-हदीद' म्हणजे लोखंड असे आहे, आणि हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते बनवीत असत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या परंपरेत एका पैगंबरांच्या हाती लोखंडाचे काम होते, त्या परंपरेतल्या माणसाने "माझा मुलगा वेल्डर आहे" हे खाली मान घालून का सांगावे, हे मला आजवर समजलेले नाही. असो.

प्रथम झीज म्हणजे काय ते पाहू. शेतकरी कुटुंबातील मुलांनी नांगराचा फाळ पाहिला असेल. पूर्वी फाळ बोथट झाला की लोहाराकडे नेऊन शेवटून आणीत. दरवर्षी तो थोडाथोडा आखूड होत जाई. हे लोखंड जाते कुठे? ते मातीत जाते. मातीत वाळूचे बारीक कण असतात, आणि वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ हे खनिज. भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही मोजचे कठिणता-प्रमाण वाचले असेल. त्यात शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० अंक दिलेला आहे. क्वार्ट्झचा अंक ७. चाकूच्या साध्या पोलादाचा अंक साडेपाचच्या आसपास येतो. जो पदार्थ वरच्या अंकाचा, तो खालच्या अंकाच्या पदार्थावर ओरखडा काढतो. म्हणजे शेतात फाळ जमीन ओरखडतो असे आपण समजतो, पण त्याच वेळी जमीनही फाळाला ओरखडत असते, आणि हळूहळू जिंकते ती जमीन. परीक्षेपुरते पाठ केलेले ते कोष्टक असे नांगराच्या टोकावर खरे ठरते.

मग उपाय सोपा वाटतो. क्वार्ट्झहून कठीण असा काही पदार्थ लोखंडावर बसवला की झाले! असे पदार्थ आहेतही. क्रोमियम आणि कार्बन एकत्र आले की क्रोमियम कार्बाइड नावाचे कण तयार होतात. ते क्वार्ट्झहून कठीण असतात. हार्डफेसिंगच्या एका नेहमीच्या प्रकारच्या रॉडमध्ये चार-पाच टक्के कार्बन आणि पंचवीस ते पस्तीस टक्के क्रोमियम असते. हा रॉड जाळून जो थर बसतो तो कानशीने घासला तरी कानस नुसती घसरते. टंगस्टन कार्बाइड त्याहूनही कठीण.

ही कला शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कोकोमो नावाच्या गावी एलवूड हेन्स नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू तयार करून १९०७ साली त्याचे पेटंट घेतले. तो तारकेसारखा चमके म्हणून लॅटिनमधील तारकेच्या नावावरून त्याला 'स्टेलाइट' म्हणू लागले. लालभडक तापला तरी तो आपली कठिणता बरीचशी टिकवतो. पुढे १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील तेलविहिरी खोदणाऱ्या बिटांवर कठीण धातूचे थर चढवण्याची पद्धत रूढ झाली. गॅरेजमधल्या मुलांनो, तुम्ही ट्रकच्या इंजिनातला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात धरला असेल. पुष्कळ इंजिनांत त्याच्या बसण्याच्या कडेवर असाच स्टेलाइटचा थर दिलेला असतो. रोज हाताळलेल्या वस्तूचा इतिहास कोणी सांगितला नाही, म्हणून ती नुसती व्हॉल्व्ह राहिली.

आता खरी गोष्ट सुरू होते. "सर्वांत कठीण तेच सर्वांत चांगले" हा समज या धंद्यात सर्वाधिक नुकसान करतो. बांगडी काचेची असते. काच बऱ्यापैकी कठीण असते, पण दगडावर आपटून पाहा. कठिणपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा, आणि बहुधा एक वाढला की दुसरा कमी होतो. म्हणून थर चढवण्याआधी विचारायचा प्रश्न हा, की हा भाग नेमका कशाने झिजतो? वाळू घासून? की दगडाचा मार बसून? की धातूवर धातू घासून? की तापलेल्या धुळीच्या वाऱ्याने? औष्णिक वीजकेंद्रात कोळसा दळून पीठ करतात. आपल्या देशातील कोळशात राख पुष्कळ असते, आणि त्या राखेतला क्वार्ट्झ पंख्याची पाती आणि नळ्या खातो. तिथे मार नाही, नुसते घासणे आहे. तिथे क्रोमियम कार्बाइड शोभते. खडी क्रशरच्या जबड्यात मात्र काळा पाषाण दणके देतो. तिथे हाच थर ढलप्या होऊन उडून जाईल.

क्रशरचे जबडे ज्या पोलादाचे करतात त्याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगतो. इंग्लंडमधील शेफील्ड येथे रॉबर्ट हॅडफील्ड या तरुणाने १८८२ साली पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिले. थोडे मँगनीज घातले तर पोलाद ठिसूळ होते, हे त्या वेळी माहीत होते. त्यामुळे इतके घालण्याचा विचार कोणी करीत नसे. हॅडफील्ड यांच्या हाती आलेला धातू विचित्र निघाला. तो मुळात फारसा कठीण नव्हता. ब्रिनेल पद्धतीने मोजले तर दोनशेच्या आसपास. पण त्यावर दणके बसत गेले की पृष्ठभाग कठीण होत जातो आणि पाचशेपर्यंत पोहोचतो. आतला गाभा चिवटच राहतो. मार खाऊन तो मजबूत होतो! आणखी एक गंमत म्हणजे त्याला चुंबक चिकटत नाही. रेल्वेच्या रुळांच्या क्रॉसिंगवर, जिथे प्रत्येक चाक दणका देऊन जाते, तिथे आजही याच धातूचे ओतीव भाग बसवतात आणि झिजले की वेल्डिंगने पुन्हा भरून घेतात. मात्र हेच मँगनीज पोलाद वाळूत नुसते घासायला लावले तर विशेष टिकत नाही, कारण त्याला कठीण करणारा मारच तिथे नसतो. वस्तू चांगली की वाईट हे ती कुठे लावली यावर ठरते.

आता एका वेल्डरपुढे दोन कामे आली असे धरा. एक मध्यम कार्बनच्या पोलादाचा शाफ्ट आहे आणि दुसरा मँगनीज पोलादाचा क्रशरचा जबडा. दोन्ही दिसायला काळे, दोन्ही गंजलेले. उस्तादाने शिकवलेले असते की जाड माल आधी गॅसने तापवून घ्यावा, म्हणजे तडा जात नाही. शाफ्टच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. अशा पोलादावर थंड असताना वेल्डिंग केले तर कडेचा भाग झपाट्याने थंड होतो, काचेसारखा ठिसूळ होतो, आणि ओलसर रॉडमधून शिरलेला हायड्रोजन आत बसून काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही तडा पाडतो. गिऱ्हाईक माल घेऊन जाते आणि तडा त्याच्या घरी जातो.

पण तोच नियम जबड्याला लावला तर? मँगनीज पोलाद फार तापले की त्याच्या आत कार्बाइडचे जाळे तयार होते आणि त्याचा चिवटपणा नाहीसा होतो. म्हणून ते जितके थंड राहील तितके बरे. वेल्डच्या बाजूचे लोखंड २६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, असा सर्वमान्य दंडक आहे. एका ठिकाणी थोडे भरायचे, मग दूर दुसऱ्या ठिकाणी, मग परत. काही कारागीर भाग पाण्याच्या टाकीत ठेवून फक्त वेल्डिंगचा पृष्ठभाग वर राखतात. जो गॅसचा बर्नर शाफ्टला वाचवतो, तोच जबड्याचा घात करतो. वरून दिसायला काम उत्तम असते. मग यंत्र पूर्ण जोरात चालू असताना तो जबडा दुभंगतो, आणि तिथे जवळ कोण उभा असेल हे त्याच्या नशिबावर. हे सर्व टाळायला काय लागते? खिशात एक छोटे चुंबक, आणि ते का चिकटले नाही हे कळण्याइतके ज्ञान.

शाफ्टसाठी थोडे गणितही आहे. नववीच्या मुलाला जमेल एवढेच. पोलादातील कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजच्या टक्केवारीचा सहावा भाग मिळवायचा. क्रोमियम, निकेल वगैरे असतील तर त्यांचेही ठरलेले भाग मिळवायचे. जो आकडा येईल त्याला 'कार्बन इक्विव्हॅलंट' म्हणतात. साध्या पोलादात कार्बन ०.२० आणि मँगनीज ०.६० असेल तर उत्तर ०.३०, बिनधास्त वेल्डिंग करा. शाफ्टमध्ये कार्बन ०.४५ आणि मँगनीज ०.६० असेल तर ०.५५. साधारण ०.४० ओलांडले की तापवल्याशिवाय हात लावू नये. अपूर्णांकांचा तास चुकवून शेडमध्ये गेलेल्या मुलाला हा हिशेब कोणी शिकवत नाही. उस्ताद अंदाजाने चालतो आणि त्याचा अंदाज दहापैकी आठ वेळा बरोबर येतो. उरलेल्या दोन वेळांचे पैसे कोण भरतो, ते तुम्ही जाणताच.

दुसरा हिशेब भेसळीचा आहे. वेल्डिंगचा थर म्हणजे वरून ओतलेला रंग नव्हे. आर्कच्या उष्णतेने खालचे लोखंडही वितळते आणि रॉडच्या धातूत मिसळते. ही भेसळ पहिल्या थरात सहज तीस टक्के होते. रॉडमध्ये क्रोमियम ३० टक्के असेल आणि खालच्या लोखंडात शून्य, तर पहिल्या थरात उरते २१ टक्के. दुसरा थर त्याच्यावर दिला तर सत्तर टक्के नवा माल आणि तीस टक्के पहिला थर, म्हणजे २७.३ टक्के. डब्यावर जो माल लिहिलेला आहे तो खऱ्या अर्थाने दुसऱ्या थरात हाती येतो. करंट जास्त ठेवून घाईने काम उरकणारा वेल्डर जास्त लोखंड वितळवतो, भेसळ वाढवतो आणि महागाचा रॉड स्वस्त करून टाकतो. तरीही तिसऱ्या-चौथ्या थराची हाव धरू नये. क्रोमियम कार्बाइडचे थर फार जाड झाले तर सुटून पडतात.

या थरावर आडव्या बारीक चिरा पडतात. नवखा माणूस त्या पाहून घाबरतो आणि ग्राइंडरने सगळे काढायला लागतो. वास्तविक थर थंड होताना आक्रसतो, तो ताण या चिरांतून मोकळा होतो, आणि बहुतेक जागी त्यांनी काही बिघडत नाही. पण चीर लांबीच्या दिशेने धावत असेल किंवा खालच्या लोखंडात उतरत असेल, तर मात्र काम बिघडले. चीर आणि चीर यांतला फरक ओळखणाऱ्याला कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणतात, आणि त्याचा पगार तुम्ही चौकशी करून पाहा.

जिथे खालचे लोखंड आणि वरचा थर यांचे जमत नाही, तिथे मध्ये चिवट स्टेनलेस जातीच्या धातूचा एक थर देतात. शेरवानीला शिंपी अस्तर लावतो तसेच हे अस्तर. ते दिसत नाही, पण वरच्या कापडाचा डौल त्यावर असतो.

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ, कारण या कामाची मोठी शाळा आपल्या दाराशी आहे. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर राज्यात साखर कारखान्यांची रांग लागली. उसाचा रस काढणाऱ्या मिलचे रोलर तुम्ही रसवंतीच्या चरकात लहान रूपात पाहिले आहेत. कारखान्यातला रोलर प्रचंड असतो. आत घडीव पोलादाचा शाफ्ट आणि त्यावर बिडाचे ओतीव कवच, त्याला गोल खाचा पाडलेल्या. उसाबरोबर शेतातली माती येते, रस थोडा आंबट असतो, आणि चोवीस तास दाब चालू. खाचांचे दात झिजतात आणि, त्याहून वाईट म्हणजे, गुळगुळीत होतात. गुळगुळीत झालेला रोलर ऊस नीट पकडत नाही. ऊस घसरतो, पिळला जात नाही, आणि साखर चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये जळते. ती साखर सभासद शेतकऱ्याची असते.

यावरचा इलाज म्हणजे 'रोलर आर्किंग'. रोलर काढून वर्कशॉपला नेत नाहीत. गाळप चालू असताना, मिनिटाला मोजके फेरे घेणाऱ्या, रसाने ओल्या झालेल्या रोलरच्या दातांवर खास रॉडने कठीण धातूचे दाणे टाकत जातात. थर गुळगुळीत आला तर ते काम फसले असे समजावे. इथे खडबडीतपणाच हवा असतो. झीजही थांबते आणि पकडही येते. वेल्डिंगच्या परीक्षेत जो खरखरीतपणा नापास करतो, तोच इथे पास करतो.

बीड हा वेल्डिंगला अवघड धातू. त्यात तीन टक्क्यांहून जास्त कार्बन असतो. जास्त उष्णता दिली की वेल्डच्या बाजूला पांढरे, अतिशय ठिसूळ बीड तयार होते आणि दाताचा तुकडाच निघून येतो. म्हणून एका जागी रेंगाळायचे नाही. दुसरे पथ्य विजेचे. अर्थिंगची केबल यंत्राच्या सांगाड्याला कुठेतरी लावून दिली तर परतीचा प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग जागोजागी जळते. प्रवाहाला रोलरवरूनच परत जाण्याची नीट वाट करून द्यावी लागते. आणि तिसरे, आजूबाजूला सगळीकडे ओल असते. ओला हातमोजा, फाटकी केबल आणि मचाणावर उभा असलेला माणूस, हे त्रिकूट जमू देता कामा नये. हा माणूस आपल्यापैकी कोणाचा तरी मुलगा असतो.

हंगाम संपला की मग फायब्रायझरचे हातोडे, ऊस तोडणारी पाती, सगळे उतरवून भरून घेतात. तिथल्या हिशेबात एक बारकावा लक्षात ठेवा. नवा हातोडा आणि भरलेला हातोडा यांच्या किमतीतला फरक हा खरा फायदा नव्हे. ऐन गाळपात मिल चार तास बंद पडली तर फडात तोडलेला ऊस वाळतो, गाड्या रांगेत उभ्या राहतात, मजूर बसून राहतात. चांगला हार्डफेसिंग करणारा माणूस हे चार तास विकत असतो. ज्याला हे समजले तो मजुरी मागताना डगमगत नाही.

कोकणातील आणि इतर भागांतील आपली पुष्कळ मंडळी आखाती देशांत आहेत, त्यांच्यासाठी तिकडचे एक उदाहरण देतो. तेलविहीर खोदताना पाइपांच्या जोडांवर कठीण धातूचे पट्टे वेल्ड करतात. पूर्वी त्यासाठी टंगस्टन कार्बाइडचे दाणे सर्रास वापरीत. पाइप उत्तम टिकत. पण विहिरीत कायम बसवलेले जे बाहेरचे नळकांडे असते, ज्याला केसिंग म्हणतात, ते आतून कापले जाई. पाइप बदलता येतो, केसिंग बदलणे महाकठीण. म्हणून पुढे असे मिश्रधातू आले की जे स्वतः टिकतात आणि शेजाऱ्यालाही कमी घासतात. कठीण थर देताना समोरच्या भागाचा विचार करावा लागतो, तो असा.

या कामाची एक बाजू मी पालकांपासून लपवणार नाही. क्रोमियम असलेले रॉड जळताना धुरात क्रोमियमचे एक घातक रूप असते. मँगनीजचा धूर दीर्घकाळ गेला तर मज्जासंस्थेला अपाय करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. आपल्याकडे समजूत अशी की संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की छातीतला धूर उतरतो. गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. त्यांची गाठ पडत नाही. धूर ओढून घेणारा पंखा, योग्य जातीचा मास्क, वाऱ्याची दिशा पाहून उभे राहणे, हे उपाय खरे. तसेच डोळ्यांचे. काचेशिवाय नुसत्या डोळ्यांनी टाके मारण्यात मर्दुमकी वाटते, आणि मग रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होऊन पोरगा तळमळतो. मातांनो, मुलाला शेडमध्ये पाठवाल तेव्हा मालकाला पगाराच्या आधी मास्क आणि काच याविषयी विचारा. जो मालक या प्रश्नावर हसतो, त्याच्याकडे मुलगा ठेवू नका.

शिक्षणाची वाट कुठे आहे? आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो. तरी माझा आग्रह आहे की दहावी करूनच जा. कारण रॉडच्या डब्यावरचा मजकूर इंग्रजीत असतो. किती अंशावर किती वेळ सुकवावा, करंट किती, कोणत्या लोखंडावर चालेल, हे सारे त्यावर छापलेले असते, आणि न वाचता आल्यामुळे डबा फेकून दिला जातो. आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते, विद्यावेतनही मिळते. गणितात गती असणाऱ्या मुलांनी आणि मुलींनी धातुशास्त्राकडे जरूर पाहावे. पुण्याच्या सीओईपीमध्ये आणि पवईच्या आयआयटीमध्ये तो विषय आहे. तिरुचिरापल्लीला १९७५ साली स्थापन झालेली वेल्डिंग संशोधन संस्था आहे, जिथे फक्त वेल्डिंगचाच अभ्यास चालतो. थर तपासणे, त्याचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, कठिणता मोजणे, ही कामे मुली उत्तम करू शकतात. मुलगी आणि लोखंड यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल तर तिच्या आईच्या हातातल्या तव्याकडे बोट दाखवावे.

हल्ली गुंडाळीच्या तारेने आपोआप थर देणारी यंत्रे आली आहेत, लेझरने थर चढवतात, यंत्रमानवही आले. यामुळे वेल्डरचे काम जाईल का, असे विद्यार्थी विचारतात. नुसता हात चालवणाऱ्याचे काही काम जाईल, हे मी नाकारत नाही. कोणता थर, किती, कशावर आणि किती तापवून, हे यंत्राला सांगणारा माणूस मात्र लागेल, आणि चालू मिलच्या ओल्या रोलरपुढे अजून तरी माणूसच उभा आहे.

समारंभाच्या वेळी मी टेबलावर तीन तुकडे ठेवले होते, ते आता शाळेच्या प्रयोगशाळेत दिले आहेत. एक साध्या लोखंडाचा, एकावर क्रोमियम कार्बाइडचे दोन थर, आणि एक क्रशरच्या जुन्या जबड्याचा. शेजारी एक कानस आणि एक चुंबक आहे. ज्यांनी हे छापील भाषण वाचले त्यांनी शिक्षकांची परवानगी घेऊन आधी तिन्हींवर कानस फिरवावी, मग चुंबक लावावा, आणि कोणता तुकडा कोणता हे वहीत कारणासह लिहून विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावे. दुसऱ्या तुकड्यावर आडव्या चिरा दिसतील. त्या किती आहेत आणि कुठे थांबतात, तेही पाहावे. चष्मा घातल्याशिवाय कोणी ग्राइंडरजवळ जाऊ नये.